पहिला परिच्छेद समोरच्याचा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एका जुन्या सहकाऱ्याने खवचटपणे विचारलं, "तुमच्या त्या साइटवर इतके कमी लेख कसे रे?" मी म्हटलं, "आमच्याकडे लिहिण्याआधी ऐकावं लागतं. त्यात वेळ जातो." या उत्तरावर मी दिवसभर खूश आहे. दैनंदिनीत तरी माणसाने स्वतःची पाठ थोपटावी, दुसरीकडे कुठे सोय नसते.

पण खरंच, 'समोरची बाजू' या आमच्या साइटसारखं दुसरं काही मला ठाऊक नाही. नियम एकच. ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याचं म्हणणं पहिल्या परिच्छेदात आपणच मांडायचं. तेही असं, की त्याने वाचून "हो, मला हेच म्हणायचंय" अशी मान्यता दिली पाहिजे. मग दुसऱ्या परिच्छेदापासून त्याची सालटी काढा, आमची हरकत नाही. भल्या मोठ्या इमारतीतल्या वर्तमानपत्रांना जे जमत नाही, ते आम्ही तिघं चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत करतो. मी वर्तमानपत्राची नोकरी सोडून आलेला. वकिलीणबाई कोर्ट सुटल्यावर येतात आणि आम्हाला कोर्टापासून लांब ठेवतात. तिसरा बटण. चाळिशीचा संगणकवाला गडी. माणसांच्या प्रत्येक अडचणीवर तो साइटवर एक नवीन बटण काढतो, म्हणून हे नाव.

आता मोठा विषय आलाय. बाजाररस्ता वाहनांसाठी कायमचा बंद करायचा, असा नगरपालिकेचा प्रस्ताव आहे. चोवीस तारखेला जाहीर सुनावणी. मी बंदच्या बाजूने लिहिणार. धूर, आवाज, सगळे आकडे तयार आहेत. असा लेख होईल की विरोधकांची बोलती बंद.

फक्त एक पंचाईत. विरोधक म्हणजे व्यापारी संघ, आणि यंदा व्यापारी संघाची अध्यक्ष आहे माझी थोरली बहीण.

६ फेब्रुवारी

परिच्छेद लिहून ताईकडे गेलो. तिचं गाद्या-उशांचं दुकान बाजाररस्त्याच्या ऐन मध्यावर. ताई गाद्यांच्या थप्पीवर मांडी घालून बसली होती, चष्मा कपाळावर. मी लिहिलं होतं: "वाहनबंदीमुळे आपल्या धंद्याचं नुकसान होईल, अशी भीती व्यापाऱ्यांना वाटते." पुढे अशीच आणखी चार वाक्यं. नेटकं, सभ्य.

वाचून म्हणाली, "ही बाई कोण?"

"कोण म्हणजे? तूच."

"मी नाही बाबा. ही कोणीतरी गल्ल्यावर बसलेली लोभी बाई आहे. हिला मी पण मत नाही देणार." कागद परत दिला. वर गिऱ्हाइकासमोर म्हणाली, "हे आमचे संपादकसाहेब. निबंध लिहायला मीच शिकवलंय, पण अजून कच्चे आहेत."

मान्यता नाही. नियम माझा, त्यामुळे बोलायची सोय नाही. तरी मनातून बरंच वाटलं. आपला नियम आपल्यालाच नडतोय, म्हणजे तो खरा आहे.

८ फेब्रुवारी

हिने विचारलं, "ताईंशी वाद घालायला दुसरा विषय नव्हता का?" मी म्हटलं, वाद ताईशी नाही, प्रस्तावाच्या विरोधकांशी आहे. ही मुलांच्या गणिताच्या वह्या तपासत राहिली. हिच्या शिकवण्या आता घरीच असतात.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी शंका घ्यायला नको. दोन वर्षांपूर्वी ही बाजाररस्त्यावर पडली. ताईच्या दुकानात कापूस उतरवायला आलेला टेम्पो मागे येत होता, त्याचा धक्का लागला. पायाचं हाड मोडलं. ताईने तेव्हा महिनाभर आमचं घर सांभाळलं. चूक टेम्पोवाल्याची, ताईची नव्हे, त्यामुळे त्यावर आम्ही कधी बोललो नाही. आता पाय उत्तम आहे. बाजारात मात्र ही जात नाही. म्हणते, सगळं घरपोच मिळतं, कशाला उगाच जायचं? बरोबरच आहे.

तर त्या प्रसंगाचा माझ्या मताशी काडीचाही संबंध नाही. माझं मत आकड्यांवर उभं आहे.

११ फेब्रुवारी

दुसरा मसुदा. या वेळी मी ताईला थोर केलं. "पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास", "बाजाराचा आत्मा" वगैरे. ती इतकी हसली की चष्मा कपाळावरून खाली आला.

"आधी लोभी केलंस, आता पुतळा केलास. अरे, मधे कुठेतरी मी आहे की नाही?"

"मग तूच सांग ना काय लिहू!"

"मी सांगितलं तर तू नुसता टिपून घेशील. शनिवारी दुकानात येऊन बस. दिवसभर. बोलू नकोस, हेच तुला अवघड जाईल."

बटण म्हणतो, "सर, 'मान्यता मिळाली नाही, तरी प्रसिद्ध करा' असं एक बटण काढू का?" मी त्याला असा झापला की तो चहा अर्धा टाकून गेला. सुनावणी जवळ आलीय, हे मला कळतं. पण नियम मोडून लेख छापायचा, तर ती जुनी नोकरी काय वाईट होती?

१५ फेब्रुवारी, शनिवार

अंग ठणकतंय. आज दिवसभर ताईच्या दुकानात होतो.

मला वाटलं होतं, गल्ल्यामागे बसून निरीक्षण करायचंय. ताईने दहाच्या सुमारास मला एक गादी खांद्यावर दिली. "चौकापर्यंत सोडून ये. गाड्या बंद झाल्यावर हे असंच करायचंय ना? आजपासून सुरू." बरोबर एक आजोबा होते. त्यांच्या पत्नी अंथरुणाला खिळलेल्या, पाठीला जखमा झालेल्या, म्हणून डॉक्टरांनी वेगळी गादी सांगितली होती. मी वाटेत तीनदा थांबलो. आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही बसा जरा, मी धरतो." ऐंशीचे असतील! मला इतकी लाज वाटली की उरलेलं अंतर न थांबता गेलो.

दुपारी दोन बहिणी आल्या, वसतिगृहात राहणाऱ्या. स्वस्तातल्या उशा हव्या होत्या. ताईने तासभर त्यांना वेगवेगळ्या उशांवर डोकं टेकून बघायला लावलं. शेवटी एकच उशी विकली. "दुसरीची मान दुखायचं कारण उशी नाहीये," म्हणाली, "तिला टेबल बदलायला सांगितलं." मी म्हटलं, असा धंदा करतात का? "मोठ्या दुकानात नाही करत," ती म्हणाली. "तिकडे गाडी लावायला जागा असते, म्हणून लोक तिकडे जातात. इथे निदान दारात गाडी थांबते. ती थांबायची बंद झाली, की आमच्याकडे फक्त ज्याला उचलता येतं तोच येईल. आणि ज्याला उचलता येतं, त्याला माझी गरज नसते रे."

मी वही काढली नाही. घरी आलो आणि लिहून टाकलं. आजोबा, बहिणी, सगळं. लिहिताना आपलं मत मधे येत नव्हतं. इतकी वर्षं लिहितोय, पण हा परिच्छेद मी आजवर लिहिलेल्यातला सर्वांत चांगला आहे. हे मी ठामपणे म्हणतो.

१६ फेब्रुवारी

सत्यानाश.

काल उत्साहाच्या भरात तो परिच्छेद ताईला साइटवरून मान्यतेसाठी पाठवला. नुसता परिच्छेद. बाकीचा लेख नंतर जोडीन म्हटलं, आधी ताईची शाबासकी तर घेऊ. ताईने सकाळी वाचला आणि 'मान्य' दाबलं. आणि आमच्या बटणरावांनी गेल्या आठवड्यात, मी झापल्यावर, प्रायश्चित्त म्हणून एक सुधारणा करून ठेवली होती: मान्यता मिळाल्याक्षणी लेख आपोआप प्रसिद्ध. मला दाखवलीही होती म्हणे. मी रागात होतो, मान हलवली असेन.

तर सकाळपासून साइटवर माझ्या नावाने, माझ्या छायाचित्रासह, बाजाररस्ता का उघडा राहिला पाहिजे यावर एक परिच्छेद झळकतोय. खाली काही नाही. खंडन नाही, आकडे नाहीत. मला कळेपर्यंत निम्म्या गावाने वाचला होता.

ज्यांना मी डिसेंबरपासून मूर्ख म्हणत आलो ते "डोळ्यांत पाणी आलं" लिहितायत. आणि आमच्या बाजूचे विचारतायत, कितीला विकलात?

१७ फेब्रुवारी

बैठक. बटण कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. मी म्हटलं, काढून टाकू. वकिलीणबाई म्हणाल्या, "प्रसिद्ध झालेलं आपण काढत नाही. तुम्हीच भिंतीवर लिहून लावलंय." लावलंय खरं. शेवटी खाली एक ओळ घातली: लेख अपूर्ण आहे, लेखकाचं स्वतःचं म्हणणं लवकरच जोडलं जाईल.

"संध्याकाळपर्यंत द्याल ना?" बाईंनी विचारलं.

"दुपारपर्यंत देतो," मी म्हटलं. आकडे तयारच आहेत.

१९ फेब्रुवारी

लेख झाला नाही. काल डोकं दुखत होतं. आज खिडकीबाहेर कोणीतरी भिंत फोडत होतं. खुर्चीही नीट नाही. आकडे सगळे समोर आहेत, पण त्या परिच्छेदाखाली ठेवले की मेल्यासारखे दिसतात. बहुधा क्रम चुकतोय.

एका पुढाऱ्याचा फोन आला. अभिनंदन म्हणाला, आमच्या बाजूला आलात, आता व्यासपीठावर या. मी म्हटलं, "मी कोणाच्या बाजूला आलेलो नाही. मी समोरच्याची बाजू लिहिली आहे, ती नीट लिहिता येते मला." तो म्हणाला, "म्हणजे तुमचा विश्वास नाही त्यावर?" मी फोन ठेवला. त्याला काय सांगणार? त्यातला शब्द न्‌ शब्द खरा आहे. आणि तरीही रस्ता बंद झाला पाहिजे. दोन्ही.

जेवताना ही म्हणाली, "अहो, का होत नाहीये लेख?"

"आकडे बसत नाहीयेत."

"माझ्याबद्दल लिहायचं नसेल तर नका लिहू. पण मग आकडेही नका लिहू." आणि उठून गेली. हिला आकड्यांचा राग कधीपासून आला? गणित शिकवते ही. कळत नाही काही. बहुधा परीक्षांचा ताण असेल.

२१ फेब्रुवारी

आज ताईकडे गेलो, जरा तावातच. म्हटलं, तू जाहीर करून टाक की ते म्हणणं तुझं आहे. लोक मला फितूर म्हणतायत.

ताई नव्या गाद्यांना दोरा घालत होती. "करते की. पण तुझा लेख कुठाय?"

"होतोय."

"मला वाचायचाय तो."

"तुला कशाला? तुझ्याविरुद्ध आहे तो."

"म्हणूनच," ती म्हणाली. सुई थांबली. "माझ्याविरुद्ध तुझं काय आहे, ते मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय रे. दोन वर्षं वाट बघतेय."

मी म्हटलं, दोन वर्षं कशी, प्रस्ताव तर आत्ता डिसेंबरात आला. आणि तुझ्याविरुद्ध माझं काही नाही, प्रश्न हवेचा आहे, आवाजाचा आहे. मग तिला मोजणीचे आकडे सांगितले. ती म्हणाली, "बरं," आणि पुन्हा दोरा ओवायला लागली.

ताई हल्ली थकलेली दिसते. अध्यक्षपद झेपत नसावं. निघताना मला उगाचच वाईट वाटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवायचंय.

सभागृह खचाखच भरलं होतं. समोर अधिकारी, बाजूला नोंद घेणारा कारकून. सुनावणी म्हणजे काय असते? एक उठतो, ओरडतो, दुसरा त्याच्याहून मोठ्याने ओरडतो. दोन तास तेच चाललं होतं. माझा लेख काही झाला नव्हता. मी मागच्या रांगेत वकिलीणबाई आणि बटण यांच्यामधे तोंड लपवून बसलो होतो.

मग व्यापारी संघातर्फे ताईचं नाव पुकारलं. हातात कागद नाही. टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली.

"माझा धाकटा भाऊ एक साइट चालवतो," तिने सुरुवात केली. "तिथे आधी समोरच्याचं म्हणणं सांगावं लागतं. मीही तसंच करते. रस्ता बंद करा म्हणणारे धुराबद्दल बोलतात, आवाजाबद्दल बोलतात. ते सगळं खरं आहे. पण त्या बाजूने सगळ्यात जास्त बोलतो तो माझा भाऊ, आणि त्याचं म्हणणं धुराचं नाही."

 मला तिचं बोलणं थांबवावंसं वाटलं.

"त्याची बायको रोज संध्याकाळी आमच्या रस्त्याने यायची. प्रत्येक दुकानात डोकवायची, शेवटी माझ्याकडे येऊन बसायची. दोन वर्षांपूर्वी माझ्या दुकानाचा माल घेऊन आलेला टेम्पो मागे येताना तिला लागला. पाय बरा झाला. भीती गेली नाही. त्या दिवसानंतर ती या रस्त्यावर आलेली नाही. माझ्या भावाचं म्हणणं इतकंच आहे, की ती पुन्हा इथून निवांत चालत यावी. टेम्पो माझ्याकडे आला होता, मला टोचू नये, म्हणून त्याने हे कधी लिहिलं नाही. मला बोलला नाही. स्वतःलाही बोलला नसेल. आकडे लिहीत बसला."

मग तिने मागच्या रांगेकडे पाहिलं. "बरोबर सांगितलं का रे?"

मी उभा राहिलो. सगळं सभागृह वळून बघत होतं. इतके दिवस मी लोकांना सांगत आलो, समोरच्याने तुमचं म्हणणं तुमच्यापेक्षा नीट मांडलं तर मोकळ्या मनाने मान्य करा, त्यात काय एवढं! एवढं काय असतं, ते आज कळलं. मी "हो" म्हटलं, पण आवाज फुटलाच नाही.

अधिकारी म्हणाले, "जरा मोठ्याने सांगा. नोंद घ्यायची आहे."

"हो," मी म्हटलं. "हेच आहे माझं म्हणणं." आणि मग मला रडू आलं. भर सभेत. बटणाने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"आणि बाई, तुमचं स्वतःचं म्हणणं?" अधिकाऱ्यांनी ताईला विचारलं.

"माझं त्याने लिहिलंय. संघाच्या अर्जाला जोडलंय, तुमच्या फायलीत असेल," असं म्हणून ताई सरळ जागेवर जाऊन बसली.

खरंच होतं. त्यांनी कागद काढला आणि माझा परिच्छेद, आजोबा आणि उशीसकट, कारकुनी सुरात वाचून दाखवला. त्या सुरातही तो टिकला. शेवटपर्यंत कोणी ओरडलं नाही. दोन तासांत पहिल्यांदाच.

प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत गेला आहे. मालाच्या गाड्या दुकानं उघडायच्या आधी, नंतर बंद. चौकातून दारापर्यंत जड सामान आणि म्हातारी माणसं नेण्याची सोय नगरपालिकेने करायची. व्यापारी संघ कुरकुरतोय, आमची बाजूही कुरकुरतेय. यावर अजून पुष्कळ भांडणं होतील. होऊ देत.

पायऱ्यांवर ताईला गाठलं.  म्हटलं, "निबंध चांगला होता."

"शिकवलंय कोणी?" ती म्हणाली, पण तिचेही डोळे लाल होते. मला अभिमान वाटतो, हे मी तिला तोंडावर सांगून टाकलं. ती इथली अध्यक्ष आहे आणि मी तिचा भाऊ आहे, यापेक्षा मोठी ओळख मला आज तरी नको आहे. आज साइटही कामाला आली, हेही सांगितलं. "हो हो, साइट थोर आहे तुझी," म्हणाली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

घरी आलो, तर ही दारातच उभी. हिला सगळं सांगायला लागलो. हिने मधेच थांबवलं.

"माहितीये मला. ताईंनी सकाळी फोनवर वाचून दाखवलं होतं. हे सांगितलं तर चालेल का, म्हणून विचारलं. मी एक वाक्य बदलायला लावलं."

"कोणतं?"

"त्यांनी 'पाय अजून दुखतो' लिहिलं होतं. मी म्हटलं, पाय नाही हो दुखत, भीती गेली नाहीये. ते घाला."

 "मला कधी बोलली नाहीस, भीतीचं?"

"ताईंनी विचारलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही नाही विचारलंत."

ती वह्यांपाशी जाऊन बसली. मी लेख पूर्ण करायला म्हणून सकाळी उघडून ठेवलेला संगणक बंद केला, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि विचारलं.